भाषेचा तास : नियोजन आणि पाठ्यसामग्रीची निवड

पदवीच्या वर्गांना मराठी ‘भाषा’ म्हणून शिकविताना तासाचे नियोजन कशाभोवती करावे, हा प्रश्न आपल्या विभागांतून फारसा चर्चिला जात नाही. अभ्यासक्रमात कोणते लेखक असावेत, यावर वाद होतात, चर्चासत्रे भरतात, अभ्यास मंडळाच्या बैठकीत प्रसंगी आवाजही चढतात. परंतु नेमलेला पाठ हाती घेऊन अध्यापक वर्गात गेला, की पुढच्या पाऊण तासात भाषेचे नेमके कोणते काम व्हावयाचे आहे, याची विचारणा कोणी करीत नाही. पाठ ‘झाला’, एवढी नोंद पुरेशी मानली जाते.

या उदासीनतेची किंमत पूर्वीपेक्षा आज अधिक मोजावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आलेल्या रचनेत पदवीच्या आरंभीच्या सत्रांतील भारतीय भाषेचा क्षमतावर्धनाचा अभ्यासक्रम बहुधा दोन श्रेयांकांचा असतो. एका श्रेयांकाला पंधरा तास, म्हणजे संपूर्ण सत्रात तीस तास. त्यातून परीक्षा, स्नेहसंमेलन, निवडणुकीची कामे वजा जाता हाती किती उरतात, हे प्रत्येक अध्यापक जाणतो. वाणिज्य वा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याच्या आयुष्यातील मराठीचे हे बहुधा शेवटचे औपचारिक तास होत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचे समारंभ महाविद्यालयांतूनही झाले. त्या दर्जामुळे या तीस तासांचे स्वरूप आपोआप पालटेल, असे मात्र समजण्याचे कारण नाही.

प्रस्तुत लेखातील प्रतिपादन एवढेच आहे, की भाषेच्या तासाचे नियोजन एखाद्या भाषिक कृतीभोवती व्हावे आणि सामग्रीची निवड त्या कृतीच्या गरजेनुसार, नंतर व्हावी. आपण आजवर नेमका उलटा क्रम पाळीत आलो आहोत. आधी उतारा ठरतो, मग त्याचा लेखक, त्याचा वाङ्मयप्रकार, त्याचा आशय. आणि भाषा उरल्यासुरल्या वेळात ‘कठीण शब्दांचे अर्थ’ म्हणून येते.

•

नियोजनाची एक परंपरा आपल्याकडे आहे, हे खरे. अध्यापक विद्यालयात किंवा बी.एड.च्या वर्गात गेलेल्या प्रत्येकाला पाठटाचण ठाऊक असते. हर्बार्टच्या अनुयायांनी रूढ केलेल्या पायऱ्यांवर ते उभे राहिले : प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. पुढे १९५६ मध्ये ब्लूम व त्याच्या सहकाऱ्यांनी केलेले शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध झाले आणि यथावकाश आमच्या टाचणवहीत ‘उद्दिष्टे व स्पष्टीकरणे’ हा रकाना अवतरला. ‘विद्यार्थी प्रत्यास्मरण करतो’, ‘विद्यार्थी ओळखतो’ अशी वाक्ये छात्राध्यापकांच्या पिढ्यांनी लिहून काढली. सराव पाठ संपले की टाचणवही माळ्यावर जाते, हा सार्वत्रिक अनुभव होय. परंतु दोष केवळ छात्राध्यापकाच्या आळसाला देता येणार नाही. इतिहासाचा पाठ, भूगोलाचा पाठ आणि मराठीचा पाठ या तिन्हींना एकच साचा लागू पडतो, असे गृहीत धरले की भाषेच्या पाठातही ‘विषय’ शोधणे भाग पडते. आणि तो विषय म्हणजे अर्थातच उताऱ्याचा आशय. पाण्याच्या टंचाईवरील पाठ पाण्याच्या टंचाईवरच शिकविला जातो. त्या पाठात लेखकाने कार्यकारणसंबंध कोणत्या वाक्यरचनांनी जोडला, हे पाहावयाचे राहून जाते.

महाविद्यालयीन अध्यापकाची स्थिती आणखी वेगळी. त्याच्याकडून अध्यापनशास्त्राच्या पदवीची अपेक्षाच नसते. नेट वा सेट उत्तीर्ण होऊन तो थेट व्यासपीठावर उभा राहतो आणि स्वतःला ज्यांनी शिकविले त्यांच्यासारखे शिकवू लागतो. पुढे उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग होतात. त्यांतून समीक्षेतील नव्या विचारसरणींचा परिचय घडतो, तोही उपयुक्तच. पण प्रथम वर्षाच्या ऐंशी विद्यार्थ्यांसमोर बुधवारी सकाळी काय करावे, हे तेथे क्वचितच निघते. एम.ए.ला भाषाविज्ञानाची प्रश्नपत्रिका असते. स्वन, स्वनिम, रूपिका यांच्या व्याख्या पाठ होतात. अशोक केळकरांचे ‘वैखरी’ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि भाषाव्यवहाराकडे पाहण्याची एक समृद्ध दृष्टी मराठीतच उपलब्ध झाली. ती दृष्टी संदर्भसूचीत पोचली. वर्गात पोचावयाची आहे. भाषाविज्ञान हा शिकविण्याचा एक विषय झाला, शिकविण्याचे साधन झाला नाही.

अलीकडे नॅकच्या निमित्ताने अध्यापन नियोजनाचे तक्ते सत्रारंभी भरून द्यावे लागतात. ‘अध्ययन निष्पत्ती’ असा शब्दही आता रुळला आहे. हे तक्ते पाहिले तर नियोजन म्हणजे घटकांची आठवडावार वाटणी, असाच अर्थ झालेला दिसतो : पहिल्या आठवड्यात एवढी पृष्ठे, दुसऱ्यात एवढी. रेल्वेचे वेळापत्रक आणि प्रवास यांत जेवढे अंतर असते तेवढे या तक्त्यात आणि तासात असते.

•

आता सामग्रीकडे वळू. मराठी क्रमिक पुस्तकांचा इतिहास मनोरंजक आहे, पण त्याचा विस्तार येथे नको. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडीच्या देखरेखीखाली सरकारी पाठ्यपुस्तकांची भाषा घडली. मराठीत विरामचिन्हे रूढ होण्याशीही त्याचे नाव जोडलेले आहे. पुढे आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने क्रमिक पुस्तकाला ललित वाङ्मयाची गोडी आणली. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेली बालभारती, स्थापन झाले. या प्रवासात ‘पाठ’ म्हणजे नामवंत लेखकाच्या पुस्तकातील उतारा, ही समजूत पक्की झाली. शालेय स्तरावर उताऱ्याखालच्या स्वाध्यायांनी तिला काहीसा आवर घातला. महाविद्यालयीन संपादित ग्रंथांत स्वाध्यायही नसतात. संपादकांची प्रस्तावना, लेखक-परिचय, पाठ, आणि शेवटी शब्दार्थ.

हे संपादित ग्रंथ कसे तयार होतात, हे ज्यांनी अशा समितीवर काम केले आहे त्यांना सांगावयास नको. संत, पंत आणि तंत यांचा एकेक वाटा. मग अव्वल इंग्रजी कालखंड. मग आधुनिक कविता. मग दलित, ग्रामीण, स्त्रीवादी, आदिवासी साहित्य. साठोत्तरी चळवळींनी अभ्यासक्रमाचे दार उघडले, ते उघडणे न्याय्य होते, आणि त्या दाराने जे आले त्यामुळे आपले वाचन मोठे झाले, याविषयी दुमत नसावे. पण वाङ्मयाच्या इतिहासाची ही छोटी प्रतिकृती भाषेच्या तासाची सामग्री म्हणून पुरेशी ठरत नाही. एका प्रवाहाचा एक पाठ, त्यावर ‘या पाठातून व्यक्त होणारे सामाजिक वास्तव स्पष्ट करा’ असा एक प्रश्न, आणि बाजारातील मार्गदर्शकात, आता भ्रमणध्वनीवरही, त्याचे तयार उत्तर. ज्या साहित्याने भाषेची कोंडी फोडली ते साहित्य या मार्गाने पुन्हा कोंडले जाते.

बोलीचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होईल. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील वऱ्हाडी संवादांचा एखादा भाग नेमला, की पुस्तकात त्याखाली प्रमाण मराठीतील अर्थ छापले जातात आणि अध्यापक ती ‘अडचण’ पाच मिनिटांत दूर करून पात्रचित्रणाकडे वळतो. वास्तविक भाषेचा तास त्या अडचणीतच आहे. वऱ्हाडात आणि नागपूरकडे ‘तो काय करून राहिला?’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. प्रमाण मराठीत त्याचा प्रतिशब्द ‘तो काय करतो आहे?’ असा देऊन मोकळे होता येईल. पण मग करतो आहे, करीत बसला, करीत आला, करीत सुटला, करून राहिला या रूपांतून क्रियेचे चालू असणे मराठी किती परींनी सांगते, आणि प्रत्येक परीत बोलणाऱ्याचा कोणता भाव मिसळतो, हे पाहण्याची संधी जाते. या तासात अकोल्याकडचा विद्यार्थी पुण्यातील वर्गातही जाणकार ठरतो. आशयाच्या तासात तो केवळ उच्चाराने वेगळा पडतो.

या साऱ्याला उतारा म्हणून ‘व्यावहारिक मराठी’ आली. तिच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. परंतु तिच्या पुस्तकांत काय आढळते? ‘इतिवृत्त म्हणजे काय? इतिवृत्ताची व्याख्या, स्वरूप व वैशिष्ट्ये लिहा.’ विद्यार्थी दोन पाने भरून वैशिष्ट्ये लिहितो. संक्षिप्तता हे त्यांपैकी एक वैशिष्ट्य असते. इतिवृत्त मात्र त्याला लिहिता येत नाही. म्हणजे ललित साहित्य नेमले तरी माहिती, व्यवहार नेमला तरी माहितीच. ‘साहित्य की उपयोजन’ हा वाद, ज्यावर आपण बरीच वर्षे शाई खर्च केली, मला म्हणूनच गौण वाटतो. दोन्ही प्रकारची सामग्री एकाच पद्धतीने वाया घालविता येते.

गंमत अशी, की ज्यांना मराठी येत नाही त्यांच्यासाठी तयार झालेली सामग्री या बाबतीत पुष्कळच जागरूक आहे. मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांचा अमराठी प्रौढांसाठीचा मराठी पाठ्यक्रम पाहावा. तेथे पाठाची सुरुवात ‘हे शिकणाऱ्याला काय बोलता येईल’ येथून होते. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत इंग्रजी अध्यापनाचा जो प्रकल्प चालविला, त्यात रेल्वेची वेळापत्रके, नकाशे यांसारख्या साध्या वस्तूंवर आधारलेली कामे विद्यार्थ्यांपुढे ठेवली जात. आधी सर्व वर्गाने मिळून एक काम करावयाचे, मग तसेच दुसरे प्रत्येकाने स्वतंत्रपणे. अर्थात हे सारे परभाषेच्या अध्यापनातले. ते जसेच्या तसे उचलता येणार नाही. आपल्या विद्यार्थ्याला मराठी येते. बोलण्यात तो आपल्यापेक्षा तरबेज असू शकतो. त्याला येत नाही ती लेखी मराठीची विविध वळणे, आणि एका वळणावरून दुसऱ्यावर जाण्याची रीत. आपले नियोजन या संक्रमणाचे हवे.

•

केवळ तत्त्व सांगून भागणार नाही. एका भाषिक कृतीचे उदाहरण सविस्तर पाहू. दुसऱ्याचे बोलणे आपल्या वाक्यात आणणे, ही ती कृती. दिवसातून शंभरदा आपण ती करतो. आणि लेखनात तीच सर्वाधिक बिघडते.

शाळेत इंग्रजीच्या तासाला प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करण्याचे व्यायाम सर्वांनी केलेले असतात. मराठीच्या तासाला ते गरजेचे वाटलेले नाहीत. परिणामी इंग्रजीचा नियमच मराठीला लागू असावा, असा अनेकांचा समज असतो. फळ्यावर एक वाक्य लिहावे : सीता म्हणाली, “मी उद्या येणार नाही.” आता हेच दुसऱ्याला सांगावयाचे आहे. वर्गातून तीन-चार रूपे सहज येतात. ‘सीता म्हणाली की मी उद्या येणार नाही.’ ‘आपण उद्या येणार नाही, असे सीता म्हणाली.’ ‘उद्या येणार नसल्याचे सीताने सांगितले.’ येथे पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की मराठीत काळ मागे सरकत नाही. ‘सीता म्हणाली की ती उद्या येणार नव्हती’ असे कोणी लिहिले तर ते इंग्रजीच्या वळणाचे झाले. मराठी कानाला त्यात निराळाच अर्थ लागतो. दुसरी गोष्ट ‘मी’ची. ‘रामा म्हणाला की मी चूक केली’ या वाक्यात चूक कोणाची? रामाची, की हे वाक्य सांगणाऱ्याची? बोलताना स्वराने उलगडा होतो. कागदावर स्वर नसतो. तेथे ‘आपण’ मदतीला येते : ‘आपण चूक केली, असे रामा म्हणाला.’ या ‘आपण’चा विचार व्याकरणाच्या पुस्तकात सर्वनामांच्या यादीत होतो, त्याचे खरे सामर्थ्य मात्र अशा वाक्यात कळते. तिसरी गोष्ट ‘उद्या’ची. हेच वृत्त आठ दिवसांनी लिहिले तर ‘उद्या’चे ‘दुसऱ्या दिवशी’ करावे लागेल. एवढ्यावर एक तास संपतो, आणि सामग्री म्हणून खडूखेरीज काही लागलेले नसते.

दुसऱ्या तासाला क्रियापदे घ्यावीत. ‘म्हणाला’च्या जागी मराठीत कितीतरी क्रियापदे येऊ शकतात : सांगितले, सुचविले, बजावले, कबूल केले, दावा केला, आरोप केला, स्पष्ट केले, निदर्शनास आणले, प्रतिपादन केले. यांतले प्रत्येक क्रियापद सांगणाऱ्याचा निवाडा सोबत घेऊन येते. ‘कबूल केले’ म्हटले की गोष्ट खरी आणि बोलणाऱ्याला अडचणीची, असे आपण ठरवून टाकले. ‘दावा केला’ म्हटले की आपण हात झटकले. ‘स्पष्ट केले’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या क्रियापदात बोलणाऱ्याचे म्हणणे मान्य केल्याची छटा आहे. येथे सामग्री म्हणून एकाच भाषणाच्या दोन वर्तमानपत्रांतील बातम्या आणाव्यात. एक मोठ्या शहरातले दैनिक, एक तालुक्याचे साप्ताहिक. विद्यार्थ्यांनी फक्त क्रियापदांखाली रेघा ओढाव्यात. चर्चा मुद्दाम घडवावी लागत नाही.

आणि मग ‘म्हणे’. ‘तो म्हणे परवाच आला.’ एका शब्दात मराठीने सांगोवांगीपणा आणि किंचित अविश्वास दोन्ही बसविले आहेत. प्रत्येक आजी हा शब्द अचूक वापरते. बोलीत इतके नेमके साधन असताना आमचा एम.ए.चा विद्यार्थी लघुप्रबंधात ‘असे म्हटले जाते’ एवढ्यावर थांबतो. कोण म्हणतो, केव्हा, आणि त्यावर याचा विश्वास आहे की नाही, हे कळावयास मार्ग नसतो.

तिसऱ्या टप्प्यावर ही कृती संस्थांच्या भाषेत कशी होते, ते पाहावे. पोलिसांपुढील जबाब प्रथमपुरुषी असतो. ‘विचारल्यावरून सांगतो की’ अशा धर्तीच्या शब्दांनी तो चालतो. त्यातला ‘मी’ साक्षीदाराचा आणि शब्द मात्र लिहून घेणाऱ्याचे. या विसंगतीवर विद्यार्थ्यांना विचार करावयास लावावा. इतिवृत्ताचे नेमके उलट. तेथे ‘मी’ नाहीसा होतो, बोलणारेही पुष्कळदा नाहीसे होतात. ‘चर्चा झाली’, ‘ठरले’, ‘ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला’ एवढे उरते. सूचक आणि अनुमोदक यांची नावे राहतात, विरोधकाचे बोलणे बहुधा राहत नाही. ही सामग्री मिळवावयास ग्रंथालयात जाण्याचे कारण नाही. ग्रामसभा, सहकारी सोसायटी, गृहनिर्माण संस्था, महिलांचे बचतगट, सगळीकडे इतिवृत्ताच्या वह्या असतात. बचतगटाची वही तर अनेकदा वर्गातल्याच एखाद्या मुलीच्या हस्ताक्षरात असते. गटात लिहिता येणारी तीच. तिला ‘इतिवृत्ताची वैशिष्ट्ये’ पाठ करावयास लावणे, यापेक्षा तिच्या वहीचे एक पान, नावे व रकमा गाळून, सर्वांच्या संमतीने फळ्यावर घेणे अधिक शहाणपणाचे. बैठकीत प्रत्यक्ष काय बोलले गेले, ते तिने आपल्या बोलीत सांगावे. वर्गाने त्याचे पाच ओळींचे इतिवृत्त करावे. आणि काय गळले, कोणाचे गळले, ते सर्वांनी मिळून तपासावे.

या क्रमात लीळाचरित्र कोठे येते? माझ्या मते येथेच. इ. स. १२७८च्या सुमाराचा हा ग्रंथ आपण ‘मराठीतील आद्य गद्य ग्रंथ’ म्हणून शिकवितो आणि महानुभाव संप्रदायाच्या माहितीत तास संपवितो. पण म्हाइंभटाने केले काय? चक्रधरांच्या आठवणी ज्यांच्याजवळ होत्या त्यांना गाठून, विचारून, त्यांचे सांगणे नोंदले. एखाद्या लीळेचा तपशील कोणी निराळा सांगितला असेल, तर तो भेदही काही ठिकाणी सांगणाऱ्याच्या नावानिशी नोंदलेला आढळतो. दुसऱ्याचे बोलणे आपल्या वाक्यात जबाबदारीने आणण्याची ही कृती मराठी गद्याच्या उगमापाशीच आहे. एक छोटी लीळा घ्यावी. तीत कोण बोलते, कोणाला बोलते, संवाद कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे अवतरणचिन्हांच्या मदतीवाचून वाचकाला कसे कळते, ते शोधावे. मग तीच लीळा वर्तमानपत्री बातमी म्हणून लिहावी, इतिवृत्त म्हणून लिहावी. बातमीत काय मरते, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या हातून मेल्यावर कळते. पाठोपाठ लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तील एखादे प्रसंगवर्णन वाचले, तर घरातले बोलणे घरातल्या सुरासह कागदावर उतरविण्याची किमया दाखविण्यास निराळे रसग्रहण करावे लागणार नाही.

जबाब, बातमी, बचतगटाची वही, लीळाचरित्र, स्मृतिचित्रे. अभ्यास मंडळाच्या कोणत्याही समितीने ही सामग्री एका घटकात एकत्र नेमली नसती, कारण वाङ्मयप्रकार, कालखंड, प्रवाह यांपैकी कोणत्याही कसोटीने ती एकत्र येत नाही. भाषिक कृतीची कसोटी लावली की ती एकमेकींना उजळते. त्यातून साहित्यावर अन्याय होतो, असे मला दिसत नाही. उलट, साहित्यिक भाषा इतर भाषाव्यवहारांच्या शेजारी बसली की तिचे वेगळेपण सांगावे लागत नाही.

हा घटक मी मुद्दाम निवडला. त्याचे टोक पदव्युत्तर संशोधनापर्यंत जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम आणले. तेव्हापासून प्रबंधाच्या साम्याची टक्केवारी यंत्राने काढली जाते आणि टक्केवारी खाली आणण्यासाठी शब्द बदलण्याची एक केविलवाणी कला विकसित झाली आहे. वाङ्मयचौर्य करणारे अप्रामाणिक संशोधक असतात, त्यांना माफी नसावी. परंतु मराठीच्या पुष्कळ प्रबंधांतील गोंधळ हा अप्रामाणिकपणाचा नसून वाक्यरचनेचा असतो. समीक्षकाचे मत कोठे संपले आणि संशोधकाचे कोठे सुरू झाले, हे सांगणारे वाक्य त्याला कोणी कधी शिकविलेलेच नसते. ‘असे दिसते’, ‘असे जाणवते’ या रचनांत कर्ता नसतो. कोणाला दिसते, हा प्रश्न तोंडी परीक्षेत परीक्षक विचारतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

•

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला सोयीचा. ऐंशी विद्यार्थ्यांच्या वर्गात हे कसे जमावे, छायाप्रतींचा खर्च कोणी करावा, वह्या कोणी तपासाव्यात? तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत धावणाऱ्या तरुण अध्यापकाला हे सांगणे मलाही अवघड वाटते. तथापि वर सुचविलेली बरीच कामे फळ्यावर होतात, आणि लेखन पाच ओळींचे आहे. पाच पानांची निबंधवजा उत्तरे तपासण्याहून पाच ओळी तपासणे सोपे. त्यांपैकी निम्म्या विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या तपासल्या तरी चालेल. सामग्री लहान असावी, एका बैठकीत मोठ्याने वाचून होईल एवढी असावी, आणि तिच्यात काही करण्याजोगे असावे, हे पथ्य पाळले की सोयीचा प्रश्न बराच हलका होतो. दहा पानांची कथा भाषेच्या तासाला बहुधा निरुपयोगी. ती साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत खुशाल असावी.

दुसरा आक्षेप समानतेचा. शेकडो संलग्न महाविद्यालयांना एकच परीक्षा असताना प्रत्येक अध्यापकाने स्वतःची सामग्री निवडली तर प्रश्नपत्रिका कशी काढावयाची? हा आक्षेप गंभीर आहे, कारण आपल्याकडे प्रश्नपत्रिकाच अभ्यासक्रम लिहिते. अभ्यास मंडळाने उताऱ्यांऐवजी भाषिक कृती नेमाव्यात, निम्मी सामग्री सर्वांसाठी समान ठेवावी, उरलेली अध्यापकाकडे सोपवावी, असा मध्यम मार्ग मला सुचतो. परीक्षेत ‘इतिवृत्ताची वैशिष्ट्ये लिहा’ याऐवजी एका सभेतील दहा ओळींचे संभाषण द्यावे आणि त्याचे इतिवृत्त लिहावयास सांगावे. एकाच घटनेचे दोन वृत्तांत द्यावेत व कोणत्या क्रियापदांमुळे ते भिन्न वाटतात, एवढेच विचारावे. उतारा दरवर्षी नवा असल्याने कोणता पाठ वर्गात झाला, हा प्रश्न उरत नाही. मार्गदर्शक पुस्तकाचीही फारशी मदत होत नाही. गुणदान व्यक्तिनिष्ठ होईल, ही भीती मात्र खरी आहे. आदर्श उत्तरासोबत दोन मध्यम आणि एक सदोष उत्तर परीक्षकांना आधी पाठविले, तर ती कमी होईल. नाहीशी होईल असे मी म्हणणार नाही.

हे सर्व होईपर्यंत थांबण्याची आवश्यकता नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण महाविद्यालयाच्याच हाती असतात आणि एका सत्रातील चार तास या पद्धतीने घ्यावयास कोणाची पूर्वमान्यता लागत नाही. सामग्री कोठून आणावी, असा प्रश्न पडलाच तर नॅकसाठी प्रत्येक मराठी विभाग आपल्या बैठकांची इतिवृत्तवही ठेवीतच असतो. तिची गेल्या वर्षीची दोन पाने वर्गासमोर ठेवावीत. त्यांत ‘सविस्तर चर्चा झाली’ हे वाक्य किती वेळा आले आहे, हे मोजावयास विद्यार्थी मोठ्या आनंदाने तयार होतील. आणि त्या चर्चेत कोण काय म्हणाले होते, हे आठवून सांगताना आपलीही थोडी तारांबळ उडेल.